चाचा वळले नाहीत

शहागंजात बंद पडलेल्या स्टुडिओच्या मागच्या खोलीत चाचा अजून फोटोचा कागद हातानं तयार करतात. तयार कागद मिळतो की, असं म्हटलं तर म्हणतात, "मिळू द्या ना. आपलं काय जातं?"

लाल दिवा लावला की कागदावर डाग पडू नये म्हणून आधी बोटातली अंगठी काढतात. बाटलीत थिजलेलं रसायन कोमट पाण्यात ठेवून पातळ करतात आणि कागजीपुऱ्यात हातानं बनणाऱ्या जाड कागदावर रुंद ब्रशनं पसरतात. ब्रश टेकला की बोलणं बंद. मीही श्वास रोखून बघत राहतो.

परवा मी जुन्या पेटीत सापडलेली वडिलांची निगेटिव्ह नेली. ते गेले तेव्हा मी पाळण्यात होतो, आणि घरात त्यांचा एकही फोटो नाही. चाचांनी वाळलेल्या कागदावर निगेटिव्हमधून उजेड पाडला, कागद ट्रेतल्या औषधात बुडवला आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

"चाचा, तुम्ही बघत नाय का?"

"तुमचे वालिद हैत. पहिले तुम्ही बघा."

कोऱ्या कागदावर आधी टोपी उमटली, मग भुवया, मग डोळे.

"आले का?" त्यांनी भिंतीलाच हळू विचारलं.

मी ट्रेवर आणखी वाकलो. मी "आले" म्हणेपर्यंत चाचा वळले नाहीत.