चर्चा दिली नाही

अंबुजा सिस्टरची म्हैसूरच्या त्या खासगी इस्पितळात एकवीस वर्षं गेली. मंडी मोहल्ल्यातलं तिचं घराणं रंगाऱ्यांचं. आजोबांचे हात कायम निळे, हिचे स्पिरिटने पांढरे पडलेले. एवढ्या वर्षांत वरून कोणी तिला काही विचारलं असेल, तर "सलाईन संपली का?" एवढंच.

यंदा मात्र व्यवस्थापनाला साक्षात्कार झाला. नर्सनाही निर्णयांत वाटा हवा! समिती झाली. अंबुजा सदस्य झाली. पहिल्या बैठकीत नर्सनी पडद्यांचा रंग एकमताने निवडला. पडदे आदल्या दिवशीच लागले होते, हा भाग वेगळा.

अंबुजाला हवी होती दुपारपाळीला तिसरी नर्स. बायकांच्या वॉर्डात छत्तीस खाटा आणि दोघी जणी. मागच्याच महिन्यात वरुणा गावच्या एक आजी एकट्याच बाथरूमला निघाल्या आणि पडल्या. खुबा मोडला. दोघीही तेव्हा दुसऱ्या टोकाला एकीला ऑक्सिजन लावत होत्या.

दुसरी बैठक चारची. प्रशासक सुधींद्र तीन वाजताच वॉर्डात आले, त्या बैठकीचं इतिवृत्त छापून घेऊन. 'सविस्तर चर्चा झाली. नर्सची संख्या पुरेशी असल्याचं सर्वांनी मान्य केलं.'

"सुम्ने, नुसती सही करा, सिस्टर. गुरुवारी तपासणीला माणसं येतायत."

"बैठक व्हायचीय ना, सर?"

"होईल की! वडे मागवलेत."

गोळी पोटात गेल्याशिवाय औषधांच्या तक्त्यावर सही करायची नाही, आणि दिली नाही तर कारणासकट तसं लिहायचं, हे अंबुजाने कितीतरी पोरींना शिकवलेलं. तिने त्याच सवयीने लिहिलं: 'चर्चा दिली नाही. कारण: बैठक झालेली नाही. वेळ ३.१०.' खाली सही.

"अय्यो! हे दाखवू मी त्यांना?"

"पुन्हा छापा, सर. मी पुन्हा हेच लिहीन."

"मी पण करू का सही?" जोडीच्या चंदनाने भाबडेपणाने पेन काढलं.

त्या दिवशी बैठक खरोखरच झाली. तिसरी नर्स मंजूर झाली. "तपासणीपुरती हं," सुधींद्र म्हणाले.

"तसंच लिहू, सर?"

तसं लिहिता येईना. 'कायमस्वरूपी' लिहावं लागलं, तारखेसकट.

तिसरी नर्स बुधवारी आली, ती राहिली. पुढच्या सोमवारी समितीने नर्सचा आवाज अधिक बुलंद करण्यासाठी वर्षातून एकदाच भेटायचं ठरवलं. निर्णय सर्वानुमते झाला. अंबुजा तेव्हा ड्युटीवर होती.