दार लावायचं बटण

आमच्या प्राथमिक शाळेत त्यांना सगळे कात्रीवाल्या बाई म्हणत. पूर्वी त्या हस्तकला शिकवायच्या. पुठ्ठा, डिंक, सुतळी आणि बाकाला दोरीने बांधलेल्या कात्र्या. न बांधलेल्या कात्रीला पाय फुटतात, असं त्यांचं म्हणणं. मग अभ्यासक्रम बदलला आणि हस्तकलेचं ‘रचना आणि डिजिटल तंत्रज्ञान’ झालं. कपाटात टॅब आले, बोटाएवढ्या मोटारी आल्या. मुलांनी स्क्रीनवर रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडून आज्ञा तयार करायची आणि मोटार फिरवून दाखवायची. विषयाचं नाव पालटलं, बाईंचं तेच राहिलं.

मी शेजारच्या वर्गात गणित शिकवते. मधली भिंत प्लायवुडची आहे, त्यामुळे त्यांचा तास मला अर्धा फुकटात ऐकू येतो.

बाईंचे यजमान छापखान्यात मशीनवर होते. एका सकाळी दाढी करता करता त्यांच्या हातातून ब्रश गळला आणि पाठोपाठ तेही खाली बसले. उजवी बाजू गेली, बोलणं तुटलं. दवाखान्यातून घरी आणल्यावर त्यांना आतल्या खोलीत ठेवलं. दिवसा सांभाळायला एक मावशी ठेवल्या आणि बाई पुन्हा शाळेत यायला लागल्या. साडी नीटनेटकी, हजेरी वेळेवर, चेहऱ्यावर काही नाही. ‘काय धीराची बाई आहे!’ असं जो तो म्हणायचा. एकदा मीही म्हणाले.

“धीर कसला हो,” त्या टॅब पुसता पुसता म्हणाल्या. “दातांचा डॉक्टर इंजेक्शन देतो, मग गाल कसा होतो? आपलाच असतो, पण हात लावला की दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो. तसं झालंय सगळं.”

दुखतंय म्हणाल्या असत्या तर मी काहीतरी बोलले असते. पण दुखतच नाहीये, यावर काय बोलणार?

त्या वर्षी चौथीला प्रकल्प होता: एखाद्या खऱ्या माणसाची खरी अडचण शोधा आणि त्याच्यासाठी वस्तू बनवा. बाईंनी नेहमीप्रमाणे फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘विचारा. काढा. बनवा. वापरून बघा. बदला.’ मुलांनी आजी, वॉचमन, धाकटा भाऊ असे एकेक जण निवडले. एका गटात चिमणी होती. हे तिचं टोपणनाव. झोपेतसुद्धा हिची चिवचिव थांबत नसणार, अशी आम्हा शिक्षकांची खात्री होती.

“बाई, आम्ही तुमच्या घरच्या काकांसाठी केलं तर?” चिमणीने विचारलं.

भिंतीपलीकडे माझ्या हातातला खडू थांबला.

“करा,” बाई म्हणाल्या. पुस्तकाचं पान उघडायला सांगावं तशा.

गटाने ठरवून टाकलं की काकांना घंटा हवी. बटण दाबलं की बाहेरच्या खोलीत वाजेल आणि बाई धावत येतील. बाईंनाही पटलं. “घंटा चालेल. चित्र काढायला घ्या.”

“पण बाई, काकांना विचारलंच नाही,” चिमणी म्हणाली. “फळ्यावर पहिलं तेच आहे ना?”

“त्यांना नीट बोलता येत नाही, बाळा.”

“मग आम्ही थांबू की!”

मधल्या सुट्टीत टॅबवरून घरी व्हिडिओ कॉल लावला. मीही मागे जाऊन उभी राहिले. पलीकडे मावशींनी फोन धरला होता. उशीला टेकलेले काका दिसले, गाल एका बाजूला ओघळलेला.

“काका, तुम्हाला घंटा हवी का?”

त्यांनी मान हलवली. “न... को.”

“मग काय हवंय?”

ते बराच वेळ शब्द शोधत राहिले. चिमणीने दोन्ही हातांनी आपलंच तोंड दाबून धरलं होतं.

“दा... र.”

“दार उघडं हवंय म्हणतात,” बाईंनी सांगितलं. “उघडंच असतं हो! रात्रंदिवस उघडं ठेवते मी, तुमचा आवाज यावा म्हणून.”

काकांनी डावा हात चादरीवर आपटला. “बं... द.”

“अगोबाई!” मावशी पुटपुटल्या आणि फोन हलला.

“बंद कशाला, काका?” चिमणीने विचारलं.

“ए... कटं,” ते म्हणाले. मग दम घेऊन, “थो... डं.”

“मलापण तसं हवं असतं कधीकधी,” चिमणी म्हणाली. “पण आमच्याकडे दारच नाही, पडदा आहे.”

कॉल संपल्यावर मुलं बाहेर पळाली. बाई काळ्या स्क्रीनकडे बघत बसल्या. “इतकी वर्षं फळ्यावर ‘विचारा’ लिहितेय,” त्या म्हणाल्या, “आणि घरात विचारलं नाही. उठवते, पुसते, भरवते, पण विचारलं नाही. आत्ता वाईट वाटायला हवं ना? वाटत नाहीये.”

मग मुलांनी पुठ्ठ्याची खोली केली, तिला दार लावलं. मोटारीने दार ओढून बघितलं. पुठ्ठ्याचं दार सरकलं, पण बाकाच्या पेटीच्या झाकणाला मोटार लावली तर ती नुसतीच कण्हली. एक जण म्हणाला, मोठी मोटार आणू. बाईंनी एवढंच विचारलं, “सगळं काम तिनेच करायला हवं का?” त्यावर मुलं दोन दिवस भांडली आणि शेवटी युक्ती निघाली. दाराला दोरी, दोरी कप्पीवरून घेतलेली, टोकाला पाण्याची बाटली. दार उघडं धरायला एक खुंटी. बटण दाबलं की छोटी मोटार खुंटी ओढणार आणि बाटलीच्या वजनाने दार आपोआप लागणार. कडी नाही. दुसरं बटण बाहेरचा पिवळा दिवा लावणार. त्याचा अर्थ ‘आत ये’.

सुट्टीच्या दिवशी आम्ही बाईंच्या घरी गेलो. पहिल्यांदा दार असं धाडकन आपटलं की मावशींच्या हातातलं ताट पडलं. चिमणीने बाटलीतलं अर्धं पाणी ओतून टाकलं, चौकटीला स्पंजचे तुकडे चिकटवले. दुसऱ्यांदा दार अर्ध्यात अडलं. पुन्हा थोडं पाणी भरलं. मग ते हळूच, कुणी मायेने लोटावं तसं लागलं.

“आता तुम्ही दाबा, काका,” चिमणीने सांगितलं आणि आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत आलो. दार लागलं.

“आता काय करायचं?” एकाने कुजबुजत विचारलं.

“काही नाही,” बाई म्हणाल्या. “बसायचं.”

आम्ही बसलो. थोड्या वेळाने आतून आवाज आला. खोकल्यासारखा, पण खोकला नव्हता. पुन्हा आला, लांबला. इतक्या महिन्यांत काका रडलेले कुणी पाहिले नव्हते. बाई अर्धवट उठल्या.

चिमणीने त्यांचा पदर धरला. “बाई, दिवा लागला नाही अजून.”

बाई खाली बसल्या. हात मांडीवर, नजर दिव्यावर. आवाज हळूहळू ओसरला. त्यानंतरही बराच वेळ काही झालं नाही. मग दिवा लागला. आत गेलो तर काकांनी डाव्या हाताने, जमेल तसा चेहरा पुसून घेतला होता. त्यांनी पाणी मागितलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ते दार लावून घ्यायला लागले. बाईंनी मला सांगितलं की सुरुवातीला त्या बाहेर नुसत्या दिव्याकडे टक लावून बसत. मोकळ्या वेळाचं करायचं काय, हेच त्यांना आठवेना. टीव्ही लावावासा वाटेना, रडूही येईना. बसून बसून पाठ दुखायला लागली, म्हणून आडव्या व्हायला लागल्या.

वार्षिक परीक्षेच्या सुमारास एक दिवस त्या स्टाफरूममध्ये माझ्याजवळ येऊन बसल्या.

“काल झोप लागली मला,” त्या म्हणाल्या. “जागी झाले तर दिवा लागलेला. कधीपासून, देव जाणे. धावत आत गेले. तर हे अर्ध्या तोंडाने हसतायत. ‘झो... पलीस?’ म्हणे.”

“मग?”

“चिडले मी. म्हटलं, माझा जीव खालीवर झाला आणि तुम्ही हसताय काय? चांगली भांडले हो! तर हे आणखीच हसायला लागले.”

“मग?” मी पुन्हा विचारलं.

“मग काय? चहा टाकला.” त्यांनी पेपरांचा गठ्ठा पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. पण तपासायला घेतलं नाही. “पण चिडले बरं का मी,” त्या म्हणाल्या. “खरंच चिडले.”