ओला फ्लास्क

"ए सालेकसा, सगळ्यांचे फ्लास्क धुऊन टाक," सर म्हणाले. माझं नाव हजेरीपटात होतं. त्यांच्या तोंडात ते कधी आलं नाही, गावाचंच आलं. "तुमच्याकडे मोहाची दारू काढतात ना? डिस्टिलेशन तर घरचंच. भांडी घासायची सवय असेल."

अख्खी बॅच हसली. मीही हसले. ते हसू मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

गोंदियाचं कॉलेज, एम.एस्सी.ची लॅब. अँथ्रासीन आणि मॅलेइक अनहायड्राइड झायलीनमध्ये उकळायचं. दोन रेणू जुळून नवी रिंग तयार होते. फळ्यापाशी सर रंगात येऊन सांगत, "ह्या ॲडिशनमध्ये काहीही बाहेर फेकलं जात नाही. सगळ्यांना आत जागा." बोलायचे छान.

अकरा जणांचे फ्लास्क धुऊन, वाळवून दिले. माझा शेवटी. तोवर तास सरत आला.

"सर, हा ओला आहे. पाणी राहिलं तर अनहायड्राइडची रिंग उघडते, प्रयोग फसतो. थोडा वेळ ओव्हनमध्ये ठेवू?"

"ओव्हन तुझ्या बापानं आणलाय? लगा वैसेच."

लावला. पांढऱ्या स्फटिकांऐवजी मळकट चिखल निघाला. सरांनी तो उंच धरला. "देखो, तेंदूपत्त्याचा काढा!" सिंकमध्ये ओतला. सिंकही मीच घासलं.

वर्षभर हेच. होस्टेलची मैत्रीण एकदा चिडली, "काऊन चूप राहतेस वं?"

"मार्क त्यायच्याच हातात हायेत," मी म्हणाले.

परीक्षेत नेमका तोच प्रयोग आला. बाहेरचे परीक्षक समोसा खात बसलेले. सरांनी फ्लास्कांचा ट्रे माझ्याकडे सरकवला. "चल, सालेकसा."

मी माझा एक उचलला. धुतला. ओव्हनमध्ये ठेवला.

"बाकीचे?"

"ज्याचे त्यानं धुवावे, सर."

ते जवळ आले. हळूच म्हणाले, "फेल होशील."

"होईन. कोरड्या फ्लास्कात होईन."

कोणी हसलं नाही. परीक्षकांनी समोशाकडे पाहिलं.

स्फटिक पांढरेशुभ्र आले, वितळणबिंदूही बरोबर. निकालात प्रॅक्टिकलला नापास. बाकी अकरा पास.

यंदा पुन्हा बसते आहे. तीच लॅब, तेच सर, तोच ट्रे. मी एकच फ्लास्क धुणार. तो पूर्ण वाळेपर्यंत परीक्षा थांबेल.