पाहुण्याने निवडलेली भाषा

प्रमोद गेल्याचा फोन मला आमच्या अमरावतीच्या ऑफिसातूनच आला. "अकोल्याचे प्रमोद सर गेले. हार्ट अटॅक." आणि त्याच दमात, "आता बिल्ड कोण पाहील?" मी फोन आपटला. पाच आठवडे झाले, राग उतरलेला नाही. विचारणाऱ्यावर आहे, प्रमोदवर आहे, आणि त्याहून जास्त माझ्यावर आहे.

इंजिनिअरिंगची चार वर्षं आम्ही अमरावतीला एका खोलीत राहिलो. त्याने माझं एक वाक्य सरळ ऐकून घेतलं नाही. भाजीत मीठ किती, इथपासून भांडण. "तुले काही समजते का बे?" हे त्याचं प्रेमाचं बोलणं. पुढे एकाच कंपनीत लागलो, मी अमरावतीला, तो अकोल्याला. कापसाच्या जिनिंगवाल्यांसाठी सॉफ्टवेअर करायचो. दोन्हीकडचे लोक लिहीत ते तुकडे जोडून, तपासून चालता प्रोग्रॅम बनवणारं एक सामायिक साधन हवं होतं. त्याला बिल्ड टूल म्हणतात. ते कोणत्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहायचं, हे ठरवायला मी अकोल्याला गेलो.

अकोल्यात सगळ्यांना पायथन येत होती. रस्ट कोणालाच येत नव्हती, माझीही चार दिवसांची ओळख. पण ती नवी, वेगवान, आणि मला मिरवायचं होतं. तासभर मी एकटाच बोललो. प्रमोद माझ्या ताटलीत आलूबोंडे वाढत होता. शेवटी म्हणाला, "तू म्हणशीन तसं." मला वाटलं, पटलं. जन्मभर भांडणारा माणूस एकाएकी गप्प होतो, तेव्हा गाढवालाही शंका आली असती... मला आली नाही.

वर्षभरात मला कंपनीतच दुसरं काम मिळालं आणि टूल त्याच्या गळ्यात पडलं. तो ती भाषा शिकला, एकट्याने टूल लिहिलं, आणि दोन्हीकडे काहीही अडलं की फोन त्यालाच. सासुरवाडीला, बार्शीटाकळीला गेला तरी लॅपटॉप मांडीवर. कामाने मेला असं मी म्हणणार नाही, डॉक्टरही म्हणत नाहीत. पण त्याची शेवटची तीन वर्षं मी खाल्ली, हे खरं आहे.

तेरवीला प्रमोदच्या बायकोला, वैशालीवहिनींना विचारलं, "एकदा तरी मला 'नाही' का म्हणाला नाही तो?"

"तुमी पाव्हणे होते ना, भाऊजी," त्या म्हणाल्या. "आपल्या जागी आलेल्या मानसाले तोंडावर नाही कसं म्हनाव? अमरावतीले असती मीटिंग, त हे भांडलेच असते."

ही कसली रीत! अरे, दोन शिव्या हासडल्या असत्यास, उठून बाहेर काढलं असतंस... पण नाही. पाहुणचार केलास आणि ओझं स्वतःच्या डोक्यावर घेतलंस.

मागच्या आठवड्यात पुन्हा अकोल्याला गेलो. टूल तसंच ठेवायचं की पायथनमध्ये नव्याने लिहायचं, हे ठरवायला. तीच खोली, प्रमोदच्या हाताखाली तयार झालेले चौघे जण. "तुम्हाला काय वाटतं?" विचारलं. चौघेही माना खाली घालून गप्प. त्यांच्यातली एक, स्नेहल, कप माझ्याकडे सरकवत म्हणाली, "चहा घ्या ना सर, थंडा होऊन राहिला."

प्रमोद त्या खोलीतून गेलेलाच नव्हता. माझं डोकं फिरलं. "मी पाव्हणा नाही!" मी ओरडलो. "काहून गप्प बसले सगळे? भांडा माझ्याशी!"

मग स्नेहलने मान वर केली. नजर सरळ होती.

"रस्ट निवडली तेव्हाच चुकलं होतं तुमचं, सर."

मी खाली बसलो. "पुढे बोल," म्हटलं.