बोटीवरचा पोपटी टॉप

चोपड्याच्या चढावर एक घर आहे. त्याच्या बलकांवातल्या, म्हणजे पुढच्या उघड्या ओसरीतल्या, दगडी बाकावर बसलं की खाली शापोरा नदी, धक्का आणि शिवोलीहून येणारी फेरीबोट सगळं एका नजरेत येतं. पाहुणे आले की म्हणत, "काय नशीबवान गो तू, सुमंगला!" सुमंगला या नशिबाचा उपयोग काळजी करायला करी. बाकीच्या आयांना मुलं नजरेआड गेल्यावर काळजी वाटते. तिला ती नजरेसमोर असतानाही वाटे, आणि दृश्य इतकं चांगलं असल्यामुळे अगदी तपशीलवार वाटे.

१९८८ च्या मे महिन्यात या काळजीला चांगलंच काम मिळालं. तिची एकुलती एक मुलगी विनिता बारावीची परीक्षा देऊन बसली होती. वास्कोच्या मावशीने कळवलं होतं की इथे ऑफिसकामाचा एक वर्षाचा कोर्स आहे, बंदराच्या कचेऱ्यांतून नोकऱ्या मिळतात, पोरीला माझ्याकडे पाठव. विनिताने ते पत्र इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. तिचे वडील गोकुळदास पेडण्याच्या सरकारी कचेरीत कारकून. फायलीवर स्वतःचं मत लिहायचं नाही या बोलीवर त्यांनी वीस वर्षं काढली होती. ते म्हणाले, "आईनं हो म्हटलं की माझंही हो."

आईने हो म्हटलं नाही. वास्को म्हणजे आधी ही शापोऱ्याची बोट, मग म्हापशाची बस, आणि मांडवीवरचा पूल दोन वर्षांपूर्वी पडलेला, म्हणून बेतीला आणखी एक बोट, मग पुन्हा बस. सुमंगलाने रात्री अंथरुणात हा प्रवास मनातल्या मनात करून पाहिला आणि बेतीच्या पुढे काही तिला जाता येईना. शेवटी ती म्हणाली, "आधी महिनाभर म्हापशाला टायपिंगला जा. एकटी. मग बघू."

"मग बघू" म्हणजे नाही, हे विनिताला सतरा वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. पण ती लगेच क्लासात नाव घालून आली.

आता अडचण अशी की बलकांवातून बोट दिसत असली तरी बोटीवरची माणसं म्हणजे ताटात सांडलेली मोहरी. त्यातली आपली मोहरी कोणती? सुमंगला तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाली होती. तिने दोन दिवस विचार केला आणि ट्रंक उघडली.

ट्रंकेच्या तळाशी चार मीटर पोपटी कापड होतं. आदल्या वर्षी गोवा राज्य झालं तेव्हा गावच्या महिला मंडळाने फुगडीचा कार्यक्रम बसवला होता आणि सगळ्यांना एकसारखे ब्लाऊज ठरले होते. कापडाचा हिशेब शिकलेली बाई म्हणून सुमंगलाकडे आला. तिने तो केला. चौदा ब्लाऊज शिवून झाल्यावर चार मीटर उरलं. रंग असा की अख्ख्या गावात कोणी ते फुकटातही नेईना. खुद्द पोपटालाही तो आपला वाटला नसता. पण नदीपलीकडून दिसेल असं कापड हवं असेल, तर गोव्यात याहून चांगलं मिळालं नसतं.

"उन्हाळ्यात सुती टॉप बरे," ती घरात म्हणाली. "घरात पडलेलं कापड आहे. दोन शिवते."

"पोपटी?" विनिता म्हणाली.

"थंड रंग आहे."

टॉप साधाच होता. एका मासिकातून कापून ठेवलेला कागद तिच्याजवळ होता: कापड दुमडायचं, बाही वेगळी जोडायची नाही, अंगाच्याच कापडातून काढायची, दोन्ही कडांना शिवण, खाली दुमड, झालं. कागदावर लिहिलं होतं, गळ्याची रुंदी सहा इंच. सुमंगलाने दुमडलेल्या कापडावर खडूने सहा इंच मोजून कापले. दुमडलेल्या कापडावर तीन मोजायचे, म्हणजे उघडल्यावर सहा होतात, हे कागदावर लिहिलेलं नव्हतं. ज्यांना ते सांगावं लागेल त्या बायकांनी कात्री हातात धरू नये, असं बहुधा छापणाऱ्यांना वाटलं असावं.

विनिताने टॉप डोक्यातून घातला. तो खांद्यावर थांबलाच नाही, थेट कोपरापर्यंत उतरला.

"आई, हा वरून घालायचा की खालून?"

गोकुळदासांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. "दोघी मिळून घाला. कापड वाचेल."

"तुम्ही गप्प बसा हो!"

दुसरा टॉप नीट कापावा म्हटलं तर तेही शक्य नव्हतं. वेळ वाचावा म्हणून तिने दोन्ही टॉप एकावर एक ठेवून एकदमच कापले होते. वेळ वाचला. चूकही एका दमात दोनदा झाली. मग न्हाणीघराच्या पडद्यातून उरलेल्या पांढऱ्या कापडाची पट्टी काढून, गळ्याला चुण्या घालघालून तिने तो बारा इंचांचा दरवाजा बंद करत आणला. पायाची मशीन दोन दिवस खडखडत होती. झाल्यावर गळ्याभोवती पांढऱ्या पट्टीची अशी काही झालर आली की पहिल्यापासून तसंच करायचं होतं असं वाटावं. क्लासला जाणारी विनिताची मैत्रीण, आगरवाड्याच्या विमलाबाईंची वर्षा, एका सकाळी घरी आली तेव्हा हात लावून म्हणाली, "कुठल्या शिंप्याकडे दिलात, काकी?"

"घरीच," सुमंगला म्हणाली. "हल्ली अशीच फॅशन आहे."

पहिल्या दिवशी साडेचारच्या बोटीवर तिला पोपटी टिपका दिसला. पुजाऱ्याच्या नेमाने ती रोज सव्वाचारला बलकांवात बसू लागली. मे महिना असल्यामुळे निमित्ताला कमतरता नव्हती. भिरंडांचा, म्हणजे लाल कोकमांचा, ढीग आणि मीठ घेऊन ती सोलं घालायला बसे; हात फळं फोडत आणि डोळे नदीवर. टिपका बोटीतून उतरला की ती आत जाऊन चहाचं आधण ठेवी. विनिता चढ चढून दारात यायला आणि चहा उतू जायला एकच गाठ पडे.

"तुला बरोबर वेळ कशी कळते गो?" विनिताने विचारलं.

"आईला कळतं," सुमंगला म्हणाली आणि आपल्यालाच ते खरं वाटू लागलं.

आठव्या दिवशी मात्र तिने माती खाल्ली. विनिताने चपलाही काढल्या नव्हत्या तेवढ्यात ती ओरडली, "कितीदा सांगितलं, बोटीच्या कठड्याला टेकून उभी राहू नकोस! तोल गेला म्हणजे?"

विनिता चपलेत अर्धा पाय ठेवून थांबली. तिने आईकडे बघितलं. मग बलकांवाकडे, बाकावरच्या भिरंडांकडे, खालच्या नदीकडे आणि शेवटी मान खाली घालून स्वतःच्या पोपटी टॉपकडे बघितलं.

"थंड रंग," ती एवढंच म्हणाली आणि आत गेली.

सुमंगलाला वाटलं, निभावलं.

पुढच्या आठवड्यातला गुरुवार. एक पोपटी टॉप दोरीवर वाळत होता, दुसरा सकाळी अंगावर गेला होता. साडेचारच्या बोटीवर टिपका होता. कठड्यापासून चांगला हातभर लांब उभा होता. सुमंगलाला समाधान वाटलं. रागावलेलं वाया गेलं नाही म्हणायचं. बोट लागली. टिपका उतरला. धक्क्यावर एक मोटरसायकल उभी होती. टिपका हसत हसत तिच्याकडे गेला, चालवणाऱ्याच्या पाठीमागे बसला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मोटरसायकल धूळ उडवत आगरवाड्याच्या रस्त्याला लागली.

सुमंगलाने तत्त्वज्ञानात पदवी घेताना मनाचा संयम हा विषय पन्नास मार्कांना केला होता. ती ताडकन उठली, भिरंडांची परात लाथाडली आणि अनवाणी चढ उतरत सुटली.

धक्क्यावर भिकाजी बोटीची साखळी लावत होता. वीस वर्षं त्याच बोटीवर काम करून त्याला दोन्ही काठांची माणसं तोंडपाठ होती. त्याने सुमंगलाकडे बघितलं आणि साखळी हातातून सोडली. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत लालभडक होते.

"अगे बाय! कुणाचो जीव घेतलंस?"

"माझी मुलगी! मोटरसायकलवरून! पोपटी टॉप!"

"ती? ती विमलाबायची वर्षा. तिचो भाऊस सतीश न्यायाक इल्लो."

सुमंगला क्षणभर सुखावली. मग तिला पुढचा प्रश्न सुचला. "आणि माझी विनिता?"

"ती आज चढूकच नाय."

यापुढे सुमंगलाने विचार केला नाही. केला असता तर वर्षाच्या अंगावर पोपटी टॉप कसा, हे तिच्या ध्यानात आलं असतं, आणि त्यातून उरलेलं सगळंच कळलं असतं. ती सुटणाऱ्या बोटीत शिरली. बोटीवरच्या लोकांनी तिच्यासाठी पुष्कळ जागा केली. माशांची टोपली घेऊन बसलेल्या एका नुस्तेकान्नीने तर टोपलीच मागे ओढली.

संध्याकाळी गर्दीमुळे दोन बोटी चालत. नदीच्या मध्यावर समोरची बोट जवळ आली. सुमंगला कठड्याला पोट टेकवून ओणवी झाली आणि त्या बोटीवर पोपटी रंग शोधू लागली. निळा होता, पांढरा होता, एक लाल छत्री होती, कॉफी रंगाचा ब्लाऊज घातलेली एक पोरगी होती. पोपटी नव्हता. तिच्या डोळ्यांसमोर शिवोलीचा बसस्टँड आला, म्हापशाचं इस्पितळ आलं. समोरच्या बोटीवर कोणीतरी हात हलवून हलवून "आई! आई!" ओरडत होतं. सुमंगलाला त्या मुलीच्या आईची कीव आली. एवढी ओरडतेय पोर आणि ही बया कुठे बघत बसली आहे?

नुस्तेकान्नीने तिला कोपराने ढोसलं. "बाय, ती तुकाच उलो मारता न्ही?"

कॉफी रंगाचा ब्लाऊज हात हलवत होता. त्यावर विनिताचं तोंड होतं.

दोन्ही बोटी एकमेकींना ओलांडून गेल्या. सुमंगलाला काही उतरता येईना. ती शिवोलीच्या धक्क्याला लागली, खाली पाऊल न टाकता तशीच उभी राहिली आणि त्याच बोटीने परत आली. नुस्तेकान्न मात्र उतरताना म्हणाली, "हात धुव गो घरा गेल्यार."

चोपड्याच्या धक्क्यावर विनिता उभी होती. भिकाजी शेजारी उभा राहून गंमत बघत होता.

"कठड्याला टेकली होतीस," विनिता म्हणाली. "तोल गेला असता म्हणजे?"

"तू... वर्षाच्या अंगावर..."

"आज माझ्या बॅचचा परीक्षेचा सराव होता, पुढची बोट मिळणार होती. साडेचारला टॉप दिसला नाही तर तू नदीत उडी घेशील म्हणून वर्षाला घालून पाठवला, तिचा ब्लाऊज मी घातला. तुझा जीव काळजीत नको म्हणून तर शिवलास ना तो? म्हटलं टॉप वेळेवर पोचू दे." मग तिचा आवाज थोडा उतरला. "सतीश न्यायला येईल हे माहीत नव्हतं गो."

थोडं चालल्यावर सुमंगलाने विचारलं, "तू मला एवढ्या लांबून ओळखलंस कसं? लाल हातांवरून?"

"हात नंतर दिसले. तू उभी राहतेस ना, कोणी तरी आता पडणार आणि आपण धरायचं आहे, तशी. ते मी वास्कोहूनही ओळखीन." चार पावलं गेल्यावर ती म्हणाली, "तू माझ्याकडे सरळ बघत होतीस, आई. माझ्या तोंडाकडे. आणि पुढे गेलीस."

घरी परात उलथी पडली होती आणि बलकांव लाल झाला होता. विनिताने चहाचं आधण ठेवलं. सुमंगला बाकावर बसून खालची नदी बघत राहिली. हे हुकमी दृश्य, हा भडक रंग, रोजची ती ड्यूटी, एवढी सगळी तयारी करून आपण दुसऱ्याच्या मुलीची काळजी वाहिली आणि स्वतःची मुलगी समोरून गेली ती ओळखली नाही. इथे राहून ही गत. वास्कोला गेली की इथून काहीच दिसणार नाही. म्हणजे निदान चुकीचं तरी दिसणार नाही.

गोकुळदास कचेरीतून आले तेव्हा ती फरशी पुसत होती.

"अहो, विनिताला वास्कोला जाऊ दे."

त्यांनी आधी तिच्या कपाळाला हात लावून बघितला, मग तिच्या लाल हातांकडे बघितलं आणि विचारलं, "आज कोण मेलं?"

जाण्याआधी तिने विनितासाठी आणखी दोन टॉप शिवले, एक गोकुळदासांच्या शर्टातून उरलेल्या राखाडी कापडाचा, एक जुन्या चादरीच्या न झिजलेल्या कडेचा. यावेळी तीन इंच मोजले. गळा इतका बरोबर आला की तिला तो ओळखीचा वाटेना. पोपटी टॉप विनिताने स्वतःहून पिशवीत टाकले. "झोपताना घालीन," ती म्हणाली.

ती राखाडी टॉप घालून पहिल्या बोटीने गेली. धक्क्यावर यायचं नाही असं तिनेच बजावलं होतं, म्हणून सुमंगला बलकांवात उभी राहिली. आता तिला रंगाची गरज नव्हती. विनिता कशी उभी राहते हे आठवून तिने बोट नीट न्याहाळली: एका पायावर भार, मान किंचित डावीकडे. सापडली. बोट मध्यावर जाईपर्यंत ती हात हलवत होती. तिकडूनही हात हलला. सुमंगला आत गेली, डोळे पुसले आणि स्वतःवर भलतीच खूश होऊन पोळ्या लाटायला बसली.

आठवड्याने इनलँड पत्र आलं. क्लास चांगला आहे, मावशी फार वाढते, बेतीच्या बोटीत काही झालं नाही. मावशीच्या शेजारणीला झालरीचा पोपटी टॉप आवडला, गळा किती इंच कापलास ते विचारते आहे. मी बारा सांगितले तर खोटं वाटलं तिला. आणि शेवटी, जागा संपल्यामुळे कडेला उभं लिहिलेलं: "मी निघाले त्या दिवशी बोटीवर मी ट्रकच्या पलीकडे होते. तू ज्या बाईला हात करत होतीस ती मला विचारत होती, चढावरची ती कोण, एवढा वेळ हात करतेय? म्हटलं, माझी आई. तर म्हणाली, मग मीही हलवते थोडा. आम्ही दोघींनी हलवला."

सुमंगलाने पत्र दोनदा वाचलं. मग मशीनवरचं कापड काढलं आणि शेजारणीसाठी गळ्याचं माप लिहायला कागद घेतला. बारा इंच, तिने लिहिलं, आणि खाली रेघ मारली.