चिमाने परत केलेला मेमो

चिमा मयेकर किनाऱ्यावरच्या मिऱ्या गावची. नवरा बोटीवर खलाशी, वर्षातले दहा महिने समुद्रात. १९८६ साली ती रत्नागिरीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होती. ओहोटीला खडकांत उतरून ती काटेरी गोळे वेचून आणी. तिथे प्रबंधासाठी संशोधन करणाऱ्या सावित्रीबाई आगाशे त्यांना समुद्री साळिंदर म्हणत. पेशी दुभंगते तेव्हा तिच्या आत बारीक धागे ओढले जातात, त्या धाग्यांचं प्रथिन बाई साळिंदराच्या अंड्यांतून काढत आणि सशाला टोचत. मग सशाच्या रक्तात अशी अँटिबॉडी तयार होई, की ती नेमकी त्या प्रथिनालाच जाऊन चिकटे. तिच्यामुळे एरवी न दिसणारे धागे दाखवता येत.

सात महिने चिमाने तो ससा जपला. कानाच्या शिरेतून रक्त काढताना तो तिच्याच मांडीवर गप्प राही.

मे महिन्यात एका शनिवारी कॉलेजात समारंभ होता. सोमवारी चिमाने फ्रीझर उघडला, तर आत आइस्क्रीमचे रिकामे डबे. तिथे ठेवलेल्या सशाच्या रक्तद्रवाच्या कुप्या मात्र टेबलावर, गढूळ झालेल्या, वास मारणाऱ्या. दुपारी तिच्या हातात मेमो पडला: परिचराने फ्रीझर उघडा ठेवल्यामुळे द्रव नासला. खाली विभागप्रमुखांची सही.

आइस्क्रीमला जागा करायला कुप्या प्रमुखांनीच बाहेर काढायला लावल्या, हे सावित्रीबाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण बाईंचा प्रबंध त्यांच्याच हाताखाली होता. चिमाने खरं सांगायला विनवलं तेव्हा त्या सूक्ष्मदर्शकाकडे वळल्या. चिमाला प्रमुखांपेक्षा जास्त राग त्यांचा आला.  मेमो तिने सही न करता प्रमुखांच्या टेबलावर ठेवला आणि पुस्तकं झाडायला तिची ग्रंथालयात बदली झाली.

पंधरा दिवसांनी बाई तिथे आल्या. सशाला पुन्हा टोचलं होतं, रक्त काढायची वेळ झाली होती. दोघा शिपायांनी धरून पाहिलं, तर त्याने बोचकारून त्यांचे हात रक्तबंबाळ केले होते.

"चिमा, तेवढं ये गो," बाई म्हणाल्या.

"येन. आधी तुमी बघितलंत तां कागदावर लिवा. माजं नाव नासवून तुमचं काम नाय व्हनार."

 बाईंनी तिथल्याच बाकावर बसून प्राचार्यांना अर्ज लिहिला, सही केली. चिमाने तो दोनदा वाचला, स्वतः नेऊन दिला आणि मगच सशाकडे गेली.

मेमो रद्द झाला, चिमा प्रयोगशाळेत परत आली. प्रमुखांनी माफी मागितली नाही, उलट बाईंचा प्रबंध वर्षभर अडवून ठेवला.

पावसाळ्यानंतर, नव्या रक्तद्रवाने रंगवलेल्या पेशींचे मुंबईहून फोटो आले. काळ्या पेशीत दोन टोकांना ताणलेले पांढरे धागे स्पष्ट दिसत होते. बाईंनी पहिला फोटो चिमाला दाखवला. चिमाने तो नीट पाहिला, चांगला आलाय म्हणाली. बाईंशी ती पुढे कामापुरतंच बोलत राहिली.