खुडूक नामपूरची आंघोळ

मी एका खुडूक कोंबडीला शाम्पूने आंघोळ घातली. जानेवारीत, नाशिकच्या थंडीत, नऊ अंड्यांवरून उठवून. यात कोंबडीची काहीही चूक नव्हती.

कोंबडी माझ्या बायकोच्या मामांची. मामा आमच्या शेजारच्याच घरात राहतात, आणि त्यांच्याइतका कुणावरही विश्वास न ठेवणारा माणूस या पृथ्वीवर दुसरा नसावा. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झाली. जन्मभर लोकांकडून ‘पास आहे’ ऐकलं की माणसाचं असं होत असणार. दूधवाल्याचं दूध ते स्वतःच्या मापाने पुन्हा मोजून घेतात. टीव्हीवर थंडी वाढल्याचं सांगितलं तर गच्चीवर जाऊन खात्री करतात. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे म्हटल्यावर आणखी दोन डॉक्टरांकडे गेले, आणि तिघांचं एकच मत पडल्यावर म्हणाले, “आपसात ठरवलंय त्यांनी.”

त्यांच्या परसात खुराडं आहे, त्यात सात कोंबड्या. जी ज्या गावाहून आणली तिला त्या गावाचं नाव. त्यामुळे “सायखेडा सकाळपासून गायब हाय” किंवा “त्र्यंबकला जुलाब लागलेत” असलं काही कुंपणापलीकडून ऐकू आलं की कॉलनीत नवीन आलेली माणसं दचकतात. संध्याकाळी मामा सगळ्यांना आत घालतात, “पुढं सरका, मागं लय जागा हाय” म्हणतात आणि दार लावून पत्र्यावर दोन टिचक्या मारतात. तोवर एकही कोंबडी बसत नाही.

आता डोळे असे झाले होते की मामा वरण वाटीशेजारी वाढून घेत. तरी दोन वर्षं ऑपरेशन टाळलं, कारण मामींना दवाखान्यात सोबत जावं लागणार आणि मग कोंबड्या कोण बघणार. शेवटी एका जेवणावर मी म्हणालो, “मी आहे ना.” माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं याच तीन शब्दांनी सुरू झालेली आहेत. मामा बराच वेळ माझ्या दिशेने बघत राहिले. मग अट घातली. आधी एक डोळा. कोंबड्या धड राहिल्या तर महिन्याने दुसरा. नाहीतर उरलेला जन्म एका डोळ्यावर काढीन, असं त्यांनी मामींकडे बघून सांगितलं. मामींनी माझ्याकडे बघितलं. तेव्हापासून माझी झोप उडाली.

त्यात नेमक्या कोंबड्यांना किडी झाल्या. मोहरीहून बारीक, तांबड्या, रक्त पिणाऱ्या. मामांना त्या दिसत नव्हत्या, पण कोंबड्या सारख्या अंग खाजवतात हे ऐकून कळलं होतं. निघण्याआधी त्यांनी औषधाच्या भुकटीचा डबा आणि मलमलची पुरचुंडी माझ्या हाती दिली. नाकाला रुमाल बांधायचा, पंखाखाली पुरचुंडी दोनदा टिपायची, बस. नामपूर खुडूक बसलीय, पिल्लं निघायला चार दिवस उरलेत, तिच्या वाट्याला जायचंच नाही.

सहा कोंबड्या मी नीट उरकल्या. मग नामपूरने मान वाकडी करून पाठ खाजवली, आणि मला तिची दया आली. पुरचुंडी रिकामी झाली होती, म्हणून डबाच तिरका केला. झाकण निघालं. क्षणभर खुराड्यात काहीच दिसेना, आणि मग पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी पांढरी नामपूर शिंकली. कोंबडी शिंकते हे मला माहीत नव्हतं. डब्यावरच्या बारीक अक्षरांत ‘धोका’ हा शब्द तीनदा होता. मी तिला काखोटीला मारून थेट आमच्या न्हाणीघरात नेलं.

बायको आली तेव्हा फेसातून फक्त चोच दिसत होती. तिने केस वाळवायचं यंत्र आणलं आणि मला अंड्यांकडे पिटाळलं. मी भुकटी पुसून अंडी लोकरीच्या टोपीत गुंडाळली आणि ती टोपी पोटाशी धरून परसात येरझारा घालू लागलो. प्रत्येक अंडं मला मामांच्या डोळ्यासारखं दिसत होतं. नामपूर वाळली, नवं गवत घातलेल्या टोपलीत अंडी मांडून तिला त्यात ठेवलं, तर अंड्यांकडे पाठ करून उभी राहिली. मी तिची माफी मागितली, “बाई, बस” म्हणालो. तासाभराने ती बसली, बहुधा माझं बोलणं ऐकवेना म्हणून.

दुसऱ्या दिवशी मामा आले, नव्या डोळ्यावर काळा चष्मा. मी सगळं कबूल केलं. नाहीतरी नामपूरला अख्ख्या परसात दरवळेल असा गुलाबाचा वास येत होता. मामा खुराड्याच्या फळ्यांच्या फटी बघत राहिले. किडी तिथे होत्या, रांगाच्या रांगा. भुकटी खरी तिथे हवी होती. मग ते नामपूरपुढे उकिडवे बसले.

“ही इतकी तांबडी हाय?” ते हळूच म्हणाले. “मी तिला कायम मातकट समजत आलो.”

त्यांना तिचा रंग सांगायला हवा, हे एवढ्या वर्षांत कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, माझ्याही नाही.

पुढचे तीन दिवस मी जेवलो ते कुंपणापाशी उभा राहून. नऊपैकी सात पिल्लं निघाली. मामांनी बोटाने दोनदा मोजली आणि मामींना दुसऱ्या डोळ्याची तारीख घ्यायला सांगितलं. माझा जीव भांड्यात पडला. मी लगेच म्हणालो की मामींनी खुशाल सोबत जावं, इथे मी आहे ना.

“नाय,” मामा म्हणाले. “कोंबड्या मामी बघंल. जावईबापू, तुम्ही माझ्यासंगं दवाखान्यात चला. तिथं तुमच्यावर लक्ष ठेवायला डॉक्टर हाय.”